सर्व्हर दूर असताना: व्हर्च्युअल मशीनचा कन्सोल कसा तयार ठेवावा आणि कसा उघडावा

काही वर्षांपूर्वी गणपतीसाठी मी रत्नागिरी जिल्ह्यातील आमच्या गावी गेलो होतो. निघण्याच्या आदल्या रात्री पुण्यातील सर्व्हरवरच्या एका व्हर्च्युअल मशीनला (सॉफ्टवेअरने चालवलेल्या आभासी संगणकाला) मी नवी डिस्क जोडली होती आणि ती बूटच्या वेळी आपोआप माउंट व्हावी म्हणून 'एफएसटॅब' फाइलमध्ये एक ओळ वाढवली होती. दुसऱ्या दिवशी अपडेटनंतर मशीन रीबूट झाले ते परत वर आलेच नाही. एसएसएच (दूरच्या मशीनमध्ये शिरण्याची सुरक्षित जोडणी) लागेना, पिंगला उत्तर येईना. होस्ट, म्हणजे ते मशीन ज्यावर चालते तो सर्व्हर, मात्र व्यवस्थित चालू होता. मोबाइलच्या हॉटस्पॉटवर व्हीएनसी (दूरच्या मशीनचा पडदा दाखवणारी पद्धत) जोडले तेव्हा पडद्याचे चित्र पट्ट्यापट्ट्यांनी उमटू लागले आणि बऱ्याच वेळाने कारण कळले. डिस्कच्या यूयूआयडीमधील (तिच्या ओळखक्रमांकातील) एक अक्षर मी चुकीचे लिहिले होते. मशीन त्या नसलेल्या डिस्कची दीड मिनिट वाट पाहून आपत्कालीन मोडमध्ये गेले होते, आणि रूट (सर्वाधिकारी) खाते बंद असल्यामुळे कन्सोल उघडता येत नाही, असा संदेश दाखवून थांबले होते. संध्याकाळची आरती होऊन गेली तरी मी लॅपटॉपसमोरच होतो.

चूक एका अक्षराची होती आणि ती दुरुस्त करायला मिनिटभरसुद्धा लागले नसते. वेळ गेला तो मशीनच्या पडद्यापर्यंत पोहोचण्यात, कारण ती वाट मी आधी कधी तयार करून पाहिली नव्हती. ज्यांच्याकडे लिनक्सच्या व्हर्च्युअल मशीनची जबाबदारी नव्याने आली आहे, त्यांच्यावर अशी वेळ येऊ नये म्हणून ती वाट येथे क्रमाने मांडतो. मुख्य विवेचन डेबियन किंवा उबुंटू होस्टवरील केव्हीएम (व्हर्च्युअल मशीन चालवणारी व्यवस्था) आणि लिबव्हर्ट (ती मशीने सांभाळणारी साधने) यांचे आहे. प्रॉक्समॉक्स (व्हर्च्युअल मशीनसाठीची तयार प्रणाली) आणि क्लाउड यांच्यासाठी लागणारे फरक शेवटी दिले आहेत. कमांड आणि फाइलींची नावे उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिली आहेत. टाइप करताना ती अर्थातच रोमन लिपीत, आणि वेगळे सांगितले नसेल तेथे लहान अक्षरांत लिहावीत. ग्रबच्या फाइलमधील ओळींची नावे आणि एन्व्हायर्न्मेंट व्हेरिएबलचे नाव मात्र मोठ्या अक्षरांत, शब्दांमध्ये अंडरस्कोर देऊन लिहावे.

१. एसएसएच असताना कन्सोल कशासाठी?

एसएसएच ही मशीनच्या आत चालणारी एक सेवा आहे. ती चालण्यासाठी कर्नल (लिनक्सचा गाभा) बूट व्हावा लागतो, डिस्क माउंट व्हाव्या लागतात, नेटवर्क वर यावे लागते आणि फायरवॉलने वाट मोकळी ठेवावी लागते. यातील एक कडी तुटली तरी एसएसएच बंद पडते. कन्सोलचे तसे नाही. खऱ्या संगणकाला जोडलेला मॉनिटर आणि कीबोर्ड जसा बूटच्या पहिल्या ओळीपासून आपल्या हाती असतो, तसाच व्हर्च्युअल मशीनचा कन्सोल होस्टच्या हाती असतो आणि मशीनच्या आतील नेटवर्कशी त्याचा काही संबंध नसतो.

तो दोन प्रकारचा असतो. पहिला चित्रमय, म्हणजे मशीनच्या पडद्याचे चित्र व्हीएनसी किंवा स्पाइस या पद्धतीने आपल्यापर्यंत येते. दुसरा सिरियल, म्हणजे मशीनच्या आभासी सिरियल पोर्टमधून केवळ मजकूर येतो आणि जातो. नवी मंडळी पहिल्याकडे वळतात, कारण तो बहुधा काहीही न करता चालू असतो. माझा आग्रह मात्र दुसऱ्यासाठी आहे. कमकुवत नेटवर्कवरही तो अडखळत नाही, त्यातील मजकूर कॉपी करता येतो, लांबलचक कमांड पेस्ट करता येते आणि त्रुटीचे संदेश फाइलमध्ये साठवून सहकाऱ्याला पाठवता येतात.

२. आधी जमवून ठेवायच्या गोष्टी

मशीन बंद पडल्यावर या गोष्टी शोधत बसावे लागू नये:

• होस्ट सर्व्हरचा पत्ता, त्यावरील तुमचे खाते आणि एसएसएच की. मशीनचे खाते वेगळे आणि होस्टचे वेगळे, हे लक्षात ठेवावे.
• प्रत्येक मशीनचे लिबव्हर्टमधील नेमके नाव. ते मशीनच्या होस्टनेमपेक्षा वेगळे असू शकते.
• मशीनच्या आतील किमान एका खात्याचा पासवर्ड आणि रूटचा पासवर्ड.
• तुमच्या लॅपटॉपवर 'व्हर्ट-व्ह्यूअर' किंवा टायगरव्हीएनसीसारखा व्ह्यूअर.
• भाड्याच्या सर्व्हरचे किंवा क्लाउडचे खाते असेल तर त्याचे लॉगिन आणि दुसऱ्या टप्प्याचा ओटीपी ज्या फोनवर येतो तो फोन.

शेवटच्या मुद्द्यावर लहान कार्यालयांत हमखास अडते. खाते मालकांच्या नावाने उघडलेले असते, ओटीपी त्यांच्या फोनवर येतो आणि नेमक्या वेळी मालक विमानात असतात. बहुतेक सेवांमध्ये एकाहून अधिक माणसांना स्वतंत्र प्रवेश देता येतो. तो आजच मागून घ्यावा.

३. होस्टपर्यंतची वाट

होस्टवर 'लिबव्हर्ट-क्लायंट्स' हे पॅकेज असले पाहिजे आणि तुमचे खाते 'लिबव्हर्ट' नावाच्या गटात असले पाहिजे. गटात नाव घातल्यावर एकदा लॉगआउट करून पुन्हा लॉगिन करावे लागते, अन्यथा बदल लागू होत नाही. या गटातील माणूस होस्टवर जवळपास रूटइतकाच समर्थ असतो, म्हणून 'बघायला सोपे जाईल' एवढ्यासाठी त्यात कोणाचेही नाव घालू नये.

आता 'विर्श' या लिबव्हर्टच्या साधनाची 'विर्श लिस्ट' ही कमांड 'ऑल' या पर्यायासह चालवावी. डेबियनवर येथे बहुतेकांची पहिली फसगत होते. यादी रिकामी दिसते आणि आपली सगळी मशीने पुसली गेली की काय, या शंकेने छातीत धस्स होते. वस्तुतः साध्या वापरकर्त्यासाठी 'विर्श' हे त्याच्या खासगी 'सेशन' जोडणीकडे पाहत असते, आणि सर्व्हरची मशीने 'सिस्टम' जोडणीखाली असतात. 'विर्श' या शब्दानंतर 'सी' हा पर्याय देऊन 'क्यूईएमयू:///सिस्टम' असा पत्ता दिला की मशीने दिसतात. हाच पत्ता 'लिबव्हर्ट डिफॉल्ट यूआरआय' या एन्व्हायर्न्मेंट व्हेरिएबलमध्ये कायमचा लिहून ठेवला की रोजचा त्रास वाचतो.

४. सिरियल कन्सोल तयार करणे

या पायरीला वेळ द्यावा. येथे तीन गोष्टी जुळाव्या लागतात आणि एक जरी राहिली तरी पडदा पूर्ण किंवा अंशतः कोरा राहतो.

पहिली गोष्ट होस्टच्या बाजूची. मशीनला आभासी सिरियल पोर्ट जोडलेले असले पाहिजे. 'व्हर्ट-इन्स्टॉल'ने बनवलेल्या मशीनला ते बहुधा आपोआप मिळते. 'विर्श टीटीवायकन्सोल' या कमांडपुढे चालू मशीनचे नाव दिल्यावर एखादा 'पीटीएस'चा पत्ता छापला गेला, तर पोर्ट आहे असे समजावे.

दुसरी गोष्ट मशीनच्या आतील कर्नलची. आपले संदेश सिरियल पोर्टवर पाठवायचे आहेत हे त्याला सांगावे लागते. त्यासाठी मशीनच्या आत 'इटीसी' फोल्डरमधील 'डिफॉल्ट' या उपफोल्डरातील 'ग्रब' ही फाइल उघडावी आणि 'ग्रब सीएमडीलाइन लिनक्स' या ओळीत दोन शब्द घालावेत: आधी 'कन्सोल=टीटीवाय०', नंतर 'कन्सोल=टीटीवायएस०,११५२००'. यातील 'एस' मोठ्या लिपीतील आहे आणि शेवटचे चिन्ह शून्य आहे, 'ओ' हे अक्षर नव्हे. दोन्ही शब्दांचा क्रमही महत्त्वाचा आहे. कर्नलचे संदेश दोन्हीकडे जातात, परंतु जो कन्सोल शेवटी लिहिला असेल तोच मुख्य कन्सोल ठरतो, आणि सिस्टमडीचे (बूटनंतर सेवा सुरू करणाऱ्या प्रणालीचे) संदेश व आपत्कालीन मोडचा प्रॉम्प्ट त्याच्यावर येतो. क्रम उलटा झाला तर सिरियलवर अर्धा बूट दिसतो आणि पुढे शांतता पसरते. मशीन तेथेच अडकले असा समज होतो, प्रत्यक्षात ते दुसऱ्या पडद्यावर आपली वाट पाहत असते. शेजारच्या ओळीत 'क्वाएट' असा शब्द असेल तर तोही काढून टाकावा, कारण आपल्याला हवे असलेले संदेश तोच दडवतो.

तिसरी गोष्ट ग्रबच्या, म्हणजे कर्नल सुरू करून देणाऱ्या बूटलोडरच्या, मेनूची. तोही सिरियलवर दिसावा म्हणून त्याच फाइलमध्ये 'ग्रब टर्मिनल' या ओळीत 'कन्सोल सिरियल' असे लिहावे, 'ग्रब सिरियल कमांड' या ओळीत वेग ११५२०० आणि युनिट ० द्यावे, आणि 'ग्रब टाइमआउट' किमान ५ सेकंद ठेवावा. नंतर 'अपडेट-ग्रब' चालवावे. ते विसरले तर वरचे सगळे लिहिलेले केवळ फाइलमध्ये राहते.

उबुंटूची तयार क्लाउड इमेज वापरणाऱ्यांसाठी एक सूचना. त्या इमेजमध्ये 'ग्रब.डी' नावाच्या फोल्डरात आणखी एक फाइल असते, तिचे नाव ५० या आकड्याने सुरू होते आणि तिच्यात टाइमआउट शून्य ठेवलेला असतो. ती फाइल मुख्य फाइलनंतर वाचली जात असल्याने तुमचा टाइमआउट ती पुसून टाकते. बदल तेथेच करावा.

लॉगिनचा प्रॉम्प्ट मात्र वेगळा चालू करावा लागत नाही. मुख्य कन्सोल सिरियल आहे हे पाहून सिस्टमडी त्यावर लॉगिनची सेवा स्वतःहून सुरू करते.

मशीन एकदा रीबूट करून होस्टवर 'विर्श कन्सोल' ही कमांड मशीनच्या नावासह चालवावी. 'एस्केप कॅरेक्टर'विषयी एक ओळ येईल आणि पुढे काहीच दिसणार नाही. घाबरू नये, एकदा एंटर दाबावे. मशीनला तोवर काही नवे सांगायचे नसते, म्हणून पडदा रिकामा असतो. बाहेर पडण्यासाठी कंट्रोल आणि उजवा चौकोनी कंस एकत्र दाबावेत. जर्मनीसारख्या ठिकाणी काम करणाऱ्यांच्या कीबोर्डवर तो कंस सहज दाबता येत नाही. त्यांनी 'एस्केप' हा पर्याय देऊन सुरुवातीलाच दुसरे चिन्ह ठरवून घ्यावे.

सक्रिय सेशन आधीच अस्तित्वात आहे अशी त्रुटी आली, तर कोणीतरी त्या कन्सोलवर आहे किंवा तुमचीच आधीची तुटलेली जोडणी अडकून राहिली आहे. सहकाऱ्याला विचारून मगच 'फोर्स' हा पर्याय वापरावा. नेटवर्क भरवशाचे नसेल तर होस्टवर आधी 'टीमक्स' (जोडणी तुटली तरी सेशन चालू ठेवणारे साधन) सुरू करून त्याच्या आत कन्सोल उघडावा, म्हणजे मधेच रेंज गेली तरी काम जेथे होते तेथेच सापडते.

मोठी फाइल संपादित करताना ओळी एकमेकींवर चढू लागल्या तर दोष एडिटरचा नसतो. सिरियल पोर्टला तुमच्या खिडकीचा आकार कळत नाही आणि ते बहुधा ८० स्तंभ व २४ ओळी धरून चालते. 'एसटीटीवाय' कमांडला 'रोज' आणि 'कॉल्स' या शब्दांपुढे खरे आकडे दिले की पडदा सरळ होतो.

५. पासवर्डाविना कन्सोल म्हणजे कुलपाविना किल्ली

एसएसएच कीची सवय झालेल्यांच्या मशीनमध्ये बहुधा कोणत्याही खात्याला पासवर्डच नसतो. कन्सोलवर की चालत नाही. तेथे पासवर्डच लागतो, आणि नसेल तर लॉगिनचा प्रॉम्प्ट समोर असून आत जाता येत नाही. म्हणून 'पासडब्ल्यूडी' कमांडने एका प्रशासकीय खात्याला लांब पासवर्ड द्यावा आणि एसएसएचच्या सेटिंगमध्ये 'पासवर्ड ऑथेंटिकेशन' बंदच ठेवावे. असे केले की हा पासवर्ड एसएसएचवर चालत नाही आणि इंटरनेटवरून तो ओळखण्याचे प्रयत्न वाया जातात.

डेबियनवर आपत्कालीन मोडमध्ये रूटचाच पासवर्ड मागितला जातो, तेथे साध्या खात्याचा चालत नाही. माझे गावी झाले ते यामुळेच. रूटला पासवर्ड द्यावा, तो पासवर्ड मॅनेजरमध्ये ठेवावा आणि पासवर्ड मॅनेजर त्याच सर्व्हरवर चालत नाही याची खात्री करावी.

'एफएसटॅब'मध्ये जी डिस्क बूटसाठी अत्यावश्यक नाही तिच्या ओळीत 'नोफेल' हा पर्यायही लिहावा. मग ती डिस्क सापडली नाही तरी मशीन आपत्कालीन मोडमध्ये न जाता पूर्ण वर येते.

६. चित्रमय कन्सोल: व्हीएनसी

विंडोज मशीन किंवा इन्स्टॉलेशनचा चित्रमय पडदा हवा असेल तर सिरियल पुरत नाही. सर्वांत सरळ मार्ग म्हणजे लॅपटॉपवर 'व्हर्ट-व्ह्यूअर' चालवून त्याला एसएसएचमार्फत होस्टचा पत्ता देणे. बोगदा तो स्वतः तयार करतो.

हाताने करायचे असेल तर होस्टवर 'विर्श व्हीएनसीडिस्प्ले' कमांडपुढे मशीनचे नाव द्यावे. अपूर्णविराम आणि ० असे उत्तर आले तर पोर्ट ५९००, १ आले तर ५९०१, असा हिशेब आहे. मग लॅपटॉपवरून एसएसएचच्या मोठ्या 'एल' पर्यायाने लॅपटॉपचे ५९०१ हे पोर्ट होस्टच्या १२७.०.०.१ या पत्त्यावरील ५९०० ला जोडावे आणि व्ह्यूअरमध्ये 'लोकलहोस्ट', अपूर्णविराम आणि १ असे लिहावे. लॅपटॉपच्या बाजूला ५९०० मुद्दाम टाळावे, कारण मॅकवर स्क्रीन शेअरिंग चालू असेल तर ते पोर्ट आधीच व्यापलेले असते.

येथे एक गोष्ट ठामपणे सांगतो. 'व्हीएनसी जोडले जात नाही' अशा प्रश्नाला ऐकण्याचा पत्ता ०.०.०.० करा, असे उत्तर सर्रास दिले जाते. तसे कधीही करू नये. लिबव्हर्ट तो पत्ता १२७.०.०.१ ठेवते ते विचारपूर्वक. व्हीएनसीच्या मूळ पासवर्ड पद्धतीत फक्त पहिली ८ अक्षरे मोजली जातात आणि पुढील संभाषण उघडे वाहते. जो हा कन्सोल उघडतो तो मशीन रीबूट करू शकतो, ग्रबमध्ये शिरून रूटचा पासवर्ड बदलू शकतो. ते दार रस्त्यावर उघडे ठेवू नये.

रोजच्या दोन अडचणीही सांगून ठेवतो. कंट्रोल, अल्ट आणि डिलीट दाबल्यावर ते तुमच्याच लॅपटॉपला लागू होते, म्हणून व्ह्यूअरच्या मेनूतून ही जोडी पाठवावी. आणि मशीनमधील कीबोर्डची मांडणी तुमच्यापेक्षा वेगळी असेल तर विशेष चिन्हे बदलतात, विशेषतः ब्रिटिश आणि अमेरिकी मांडणीत ईमेलमधील ॲटचे चिन्ह व दुहेरी अवतरणचिन्ह यांची अदलाबदल होते. पासवर्ड दिसत नसल्याने हे कळतच नाही. आधी लॉगिनच्या नावाच्या जागी तो टाइप करून पाहावा, चिन्हे बरोबर उमटतात का ते तपासावे आणि एंटर न दाबता पुसून टाकावा.

७. बूटच्या आधी हस्तक्षेप: ग्रब

रूटचा पासवर्ड नाही आणि मशीन वरही येत नाही, अशा वेळी हा उपाय. कन्सोल उघडा ठेवून दुसऱ्या खिडकीतून मशीन रीस्टार्ट करावे. मेनू दिसताच 'ई' दाबावे. 'लिनक्स' या शब्दाने सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी 'इनिट=/बिन/बॅश' असे लिहावे आणि कंट्रोल व एक्स दाबावे. सिरियलवर बाणांची बटणे चालेनाशी झाली तर खाली जाण्यासाठी कंट्रोल व एन, वर जाण्यासाठी कंट्रोल व पी वापरावे.

रूटचा प्रॉम्प्ट मिळतो, पण डिस्क फक्त वाचण्यापुरती जोडलेली असते. 'माउंट' कमांडने मुळाचा भाग (/) लिहिण्यायोग्य करून घ्यावा, यासाठी 'रीमाउंट' आणि 'आरडब्ल्यू' हे पर्याय आहेत. मग चुकीची ओळ दुरुस्त करावी, 'सिंक' चालवावे आणि होस्टवरून 'विर्श रीसेट' करावे. या अवस्थेत नेहमीची 'रीबूट' कमांड चालत नाही, कारण ती ज्याला निरोप देते तो सिस्टमडी सुरूच झालेला नसतो. रेड हॅट परिवारातील मशीनवर पासवर्ड बदलला असेल तर बाहेर पडण्यापूर्वी मुळाशी 'ऑटोरीलेबल' नावाची, पूर्णविरामाने सुरू होणारी रिकामी फाइल तयार करावी, नाहीतर एसईलिनक्स या सुरक्षा व्यवस्थेमुळे नव्या पासवर्डने लॉगिन होत नाही.

८. प्रॉक्समॉक्स आणि क्लाउडमधील फरक

प्रॉक्समॉक्समध्ये ब्राउझरमधूनच, ८००६ या पोर्टवरील पानावर, नोव्हीएनसीचा पडदा मिळतो. समोर रिव्हर्स प्रॉक्सी (मधे राहून ब्राउझरच्या मागण्या पुढे पाठवणारा सर्व्हर) लावली असेल आणि पान दिसूनही कन्सोल जोडला जात नसेल, तर प्रॉक्सी वेबसॉकेट पुढे पाठवत नाही असे समजावे. सिरियलसाठी मशीनला 'सिरियल०' हे 'सॉकेट' प्रकारचे साधन जोडून 'क्यूएम टर्मिनल' वापरावे. यातून कंट्रोल व 'ओ'ने बाहेर पडता येते, चौकोनी कंसाने नाही.

ॲमेझॉनच्या ईसी२ सेवेत परस्परसंवादी सिरियल कन्सोल २०२१ मध्ये आला. तो खात्याच्या पातळीवर मुळात बंद असतो, आधी चालू करावा लागतो आणि प्रत्येक मशीनला एका वेळी एकच सेशन मिळते. अझूरमध्ये त्या मशीनचे 'बूट डायग्नोस्टिक्स' चालू असले पाहिजे. गूगलच्या सेवेत मशीनच्या मेटाडेटामध्ये 'सिरियल-पोर्ट-एनेबल' लिहावे लागते. तेथे एक धोका आहे: या जोडणीला आयपी पत्त्यानुसार मर्यादा घालता येत नाही. म्हणून काम झाले की ती नोंद काढून टाकावी. तिन्ही ठिकाणी मशीनच्या आतील पासवर्डाची तयारी तुमची तुम्हालाच करावी लागते.

९. रंगीत तालीम

एखादे बिनमहत्त्वाचे मशीन निवडावे, त्यात सिरियल कन्सोलवरून लॉगिन करावे आणि 'आयपी लिंक सेट' या कमांडने त्याचे नेटवर्क कार्ड 'डाउन' करावे. एसएसएच तुटेल. आता लॅपटॉप बंद करून मोबाइलच्या हॉटस्पॉटवर पुन्हा सुरू करावा आणि होस्टपासून कन्सोलपर्यंतची सगळी वाट टिपणे पाहून चालावी. जेथे अडाल तेथे टिपणात भर घालावी. दुसऱ्या फेरीत 'एफएसटॅब'मध्ये खोटी डिस्क लिहून रीबूट करावे. दीड मिनिट मोजणारी ती ओळ आणि त्यानंतर येणारा पासवर्डाचा प्रॉम्प्ट एकदा शांतपणे पाहिलेला असला की खऱ्या प्रसंगी हात थरथरत नाहीत.

तालीम संपवताना आधी मशीनमधून 'एक्झिट' करून लॉगिनचा प्रॉम्प्ट परत आलेला पाहावा, मगच कंट्रोल आणि चौकोनी कंस दाबावेत. कन्सोलची जोडणी तोडल्याने लॉगआउट होत नाही. तुम्ही रूट म्हणून आत असताना नुसते बाहेर पडलात, तर पुढे जो कोणी तो कन्सोल उघडेल त्याच्यासमोर रूटचा प्रॉम्प्ट तसाच उघडा असेल.